दुसऱ्या फ्लॅटचा पाडवा

उद्या गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांतला पहिला. त्यामुळे आज वृत्तपत्र उघडले की बातमीआधी इमारत लागते. जलतरण तलाव, क्लब हाऊस, बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत चहा घेणारे हसरे कुटुंब आणि खाली ठळक अक्षरांत ‘फक्त पाडव्यापर्यंत’. या जाहिरातींवर वृत्तपत्रांचा मार्च महिना निघतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे. म्हणजे पुढचे लिहायला आम्ही मोकळे.

पाने उलटत आत गेलात तर बारीक टाइपातल्या काही चौकटी दिसतील. मथळा असतो ‘ताबा सूचना’. कर्जदाराचे नाव, सहकर्जदार म्हणून पत्नीचे, क्वचित वडिलांचेही. थकलेली रक्कम, ‘अधिक त्यावरील पुढील व्याज’, सदनिकेचा क्रमांक, मजला, चटई क्षेत्र, पूर्वेला काय नि पश्चिमेला काय. बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याने ‘प्रतीकात्मक ताबा’ घेतल्याची तारीख. आणि शेवटी तमाम जनतेस इशारा, की या मालमत्तेशी कोणी व्यवहार करू नये. हप्ता ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. मग २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघते आणि त्यानंतर ही चौकट. एवढे होईपर्यंत बँकेला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. पहिल्या पानावरचे कुटुंब आणि आतल्या पानावरचे कुटुंब यांच्यात पगार, जात, गाव, शिक्षण यांचा फारसा फरक नसतो.

राहायला घर घेणाऱ्यांसाठी हा अग्रलेख नाही. भाड्याच्या घरातून दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्याला, मुलांच्या शाळेजवळ आपले हक्काचे छप्पर हवे असणाऱ्याला गणित शिकवणे हा आगाऊपणा ठरेल. झेपत असेल तर त्याने घर घ्यावे. आम्हाला बोलायचे आहे ते दुसऱ्या फ्लॅटबद्दल. पहिल्याचे कर्ज फिटत आले आहे, पगार बरा आहे, मुदत ठेवीच्या व्याजाने मन भरत नाही, शेअर बाजाराची भीती वाटते आणि भावकीत कुणीतरी रावेतला किंवा उलव्याला ‘घेऊन टाकला’ आहे. अशी माणसे उद्या सहकुटुंब साइट ऑफिसात जातील. तिथे सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग मुद्दाम लहान ठेवलेला असतो, म्हणजे खोली मोठी दिसते. कॉफी येते, चांदीचे नाणे येते, आणि सेल्समधला मुलगा ‘सर, आजचा रेट उद्या मिळणार नाही’ असे म्हणतो.

मराठी मध्यमवर्गाचा घरावरचा विश्वास उगाच आलेला नाही. मागच्या पिढ्या चाळीत आणि वाड्यात भाड्याने राहिल्या. फंडाच्या आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांतून निवृत्तीच्या सुमारास कुठे दोन खोल्या झाल्या. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी काढली, तोवर नोकरदाराने ऐन तिशीत पंधरा-वीस वर्षांचे कर्ज काढून घर घ्यावे ही कल्पना आपल्याकडे फारशी रुजलेली नव्हती. ज्यांनी त्या काळात डोंबिवलीत, कोथरूडला, बोरिवलीत धाडस केले त्यांचे कल्याण झाले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट साधारण अशी असते : बाबांनी चार लाखांना घेतलेला फ्लॅट आज ऐंशी लाखांचा आहे. वीसपट! पण मध्ये तीस वर्षे गेली असतील, तर ही वाढ वर्षाला साडेदहा टक्के भरते. वाईट मुळीच नाही, पण ‘वीसपट’ या शब्दाने अंगावर जो काटा येतो, तो ‘साडेदहा टक्के’ म्हटल्यावर येत नाही. शिवाय त्या काळी गृहकर्जाचे दरही दोन आकड्यांत होते आणि बाबा त्या घरात राहत होते. त्यांचे भाडे वाचत होते. दुसऱ्या फ्लॅटला हा हिशेब लागू पडत नाही.

त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पिंपरी-चिंचवडमधला तयार, ताबा मिळण्याजोगा फ्लॅट ७५ लाखांना आहे असे धरू. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी फी ३० हजार. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते, ती घ्यावीच; ७५ हजार वाचतात. सूट न धरता एकूण ८० लाख ५५ हजार. बँक किती देईल? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ६० लाख. घरचे घालायचे २० लाख ५५ हजार.

८ टक्के दराने, २० वर्षांसाठी ६० लाखांचा हप्ता ५०,१८६ रुपये. पहिल्या हप्त्यातले ४० हजार नुसते व्याजाचे असतात, मुद्दलाला जेमतेम १० हजार. वीस वर्षांत साठ लाखांवर साठ लाखांहून थोडे जास्तच व्याज जाते. आणि मध्येच, दहा वर्षांनी, फ्लॅट विकायचा म्हटले तर? तोवर ६० लाख २२ हजार भरून झालेले असतात आणि बाकी असते ४१ लाख ३६ हजार. कर्ज घेताना हा आकडा आपणहून सांगणारा बँक अधिकारी आमच्या तरी पाहण्यात नाही. विचारले तर परतफेडीचा तक्ता छापून मिळतो. तो मागून घ्यावा.

आता भाडे. अशा फ्लॅटला महिन्याला २२ हजार येतात असे समजू. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा जातो, सोसायटीचा मेंटेनन्स मालकाच्या माथी, मालमत्ता कर आहे, भाडेकरू बदलला की रंग आणि एजंटची दलाली आहे. हातात वर्षाला एक लाख सत्तर हजार उरले तर नशीब. घातलेल्या रकमेवर दोन टक्के. कर्ज आठ टक्क्यांचे, उत्पन्न दोन टक्क्यांचे. मधली खाच दर महिन्याला पगारातून भरायची, सुमारे ३६ हजार रुपये.

मग फायदा कशातून? फक्त भाववाढीतून. दहा वर्षे दरसाल ५ टक्क्यांनी किंमत वाढली, भाडेही तसेच वाढत गेले, तर विकल्यावर दलाली, साडेबारा टक्के भांडवली नफा कर आणि त्यावरचा उपकर वजा जाता गुंतवलेल्या पैशावर मिळतात जेमतेम सव्वातीन-साडेतीन टक्के. ८ टक्क्यांनी वाढली तर साडेआठच्या आसपास. आणि किंमत जागची हललीच नाही, तर पंचवीस लाखांहून अधिक तोटा. कर्जाचा गुण हाच आहे : भाव कर्जाच्या दरापेक्षा जोरात पळाला तर ते नफा फुगवते आणि भाव बसला तर घरचे पैसे आधी खाते. २०१३ नंतरची पाच-सहा वर्षे मुंबई-पुण्याच्या अनेक उपनगरांत भाव बसले होते. त्या वेळी पाडव्याला बुकिंग केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

या हिशेबात आम्ही उदारपणा केला आहे. फ्लॅट तयार धरला, भाडे पहिल्या वर्षापासून धरले. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, खिडक्यांचे ग्रिल, गीझर, पंखे यांचा खर्च धरलाच नाही. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला तर ५ टक्के जीएसटी वेगळा (४५ लाखांपर्यंतच्या लहान, परवडणाऱ्या घरांना १ टक्का), आणि ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला हा कर नाही. ‘अंडर कन्स्ट्रक्शन स्वस्त पडतो’ हे वाक्य या दोन गोष्टी मोजल्याशिवाय उच्चारू नये.

‘पण करात वाचतात की’, असे कुणी म्हणेल. वाचत असत. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर दोन लाखांची वजावट जुन्या करप्रणालीत आहे; आता बहुतेक पगारदार ज्या नव्या प्रणालीत गेले आहेत, तिथे ती नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या भाड्यातून ३० टक्के सरसकट आणि कर्जाचे व्याज वजा करता येते, त्यामुळे भाड्यावर कर बहुधा लागत नाही. पण उरलेला तोटा नव्या प्रणालीत पगारातून वळता होत नाही. चार्टर्ड अकाउंटंटला विचारल्याशिवाय करबचतीच्या आशेने फ्लॅट घेणारे आजही कमी नाहीत.

गुंतवणूकदाराचा खरा पाठीराखा असतो तो ‘येणारा’ प्रकल्प. येणारी मेट्रो, येणारा रिंग रोड, येणारे विमानतळ. नवी मुंबई विमानतळाचेच पाहा. पर्यावरण मंजुरी मिळाली नोव्हेंबर २०१० मध्ये. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये. प्रवासी विमाने उडू लागली डिसेंबर २०२५ मध्ये. पनवेल, उलवे, द्रोणागिरीतल्या जाहिरातींनी मात्र या सगळ्या काळात एकही पाडवा विमानतळाविना जाऊ दिला नाही. मंजुरीच्या वर्षी घेतलेल्याला आज तिप्पट भाव मिळाला तरी पंधरा वर्षांत तिप्पट म्हणजे दरसाल साडेसात टक्के. प्रकल्प येतो हे खरे. प्रश्न असतो तो येईपर्यंत हप्ता कोण भरणार, हा. आणि आजच्या भावात ते विमान आधीच उतरलेले असते. विकणाऱ्यालाही वर्तमानपत्र वाचता येते.

कर्जाच्या पर्यायांकडे वळू, कारण बहुतेक घरे भावामुळे बुडत नाहीत, कर्जाच्या जातीमुळे बुडतात. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो किंवा तत्सम बाह्य दराला जोडलेली आहेत. याचा लाभ २०२५ मध्ये दिसला. एका वर्षात रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला आणि हप्ते हलके झाले. त्याच्या उलट काय होते ते २०२२ मध्ये दिसले होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. त्याआधी पावणेसात टक्क्यांनी ६० लाख घेतलेल्याचा हप्ता होता ४५,६२२ रुपये. दर सव्वानऊ झाल्यावर साठ लाखांचे महिन्याचे नुसते व्याजच ४६,२५० होते. वर्षभरात मुद्दल थोडे उतरले होते म्हणून जुना हप्ता नव्या व्याजाला कसाबसा पुरला; मुद्दलाला काही उरेना. अनेकांच्या कर्जाची मुदत त्यांच्या नकळत निवृत्तीच्या पलीकडे गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. हा हक्क वापरणारे थोडे. तेव्हा आजच्या दराने हप्ता झेपतो का, एवढेच पाहून भागत नाही. दर अडीच टक्क्यांनी चढला तर झेपेल का, हे पाहायचे असते.

एक गोष्ट मात्र कर्जदाराच्या बाजूची आहे. वैयक्तिक कर्जदाराने बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर दंड आकारता येत नाही. दरवर्षी एक जादा हप्ता भरत गेलात तर वरच्या उदाहरणातले वीस वर्षांचे कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपते. बोनस आला की दुसऱ्या फ्लॅटचे टोकन देण्याऐवजी पहिल्याचे कर्ज उतरवले, तर त्या पैशावर न चुकता आठ टक्के मिळतात. त्यात ना दलाली, ना कर, ना भाडेकरूचा शोध. या ‘गुंतवणुकी’ची जाहिरात कुणी करत नाही, कारण तीत कुणाला कमिशन नाही.

घरचे वीस लाख उभे करताना लोक जे करतात ते अधिक चिंतेचे आहे. पहिल्या घरावर टॉप-अप किंवा मालमत्ता तारण कर्ज काढले जाते. म्हणजे दुसऱ्या फ्लॅटचा जुगार फसला तर राहते घरही पणाला लागते. सोन्यावर कर्ज, पतसंस्थेचे कर्ज, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वैयक्तिक कर्ज. त्याचा व्याजदर गृहकर्जाहून कितीतरी चढा असतो आणि मुदत तोकडी, त्यामुळे दोन्ही हप्ते एकाच वेळी डोक्यावर बसतात. गावाकडची जमीन विकून आलेला पैसा असेल तर त्यात भावांचा-बहिणींचा वाटा आहे का, हे आधी मिटवावे. भविष्य निर्वाह निधीला हात लावून भाड्याचा फ्लॅट घेणे तर आम्हाला मुळीच पटत नाही. त्या पैशाला म्हातारपणाचे काम दिलेले आहे. वडील किंवा भावाकडून बिनव्याजी मिळत असेल तर तो उत्तम पर्याय. फक्त रक्कम बँकेतून यावी आणि एक साधा कागद व्हावा, नात्यासाठीही आणि आयकरासाठीही. बँक कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा घ्यायला सांगते आणि त्याचा हप्ता कर्जातच मिळवून टाकते; त्याऐवजी साधा मुदत विमा बाहेरून घ्यावा.

‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ या योजनेपासून मात्र हात जोडून दूर राहावे. यात ताब्यापर्यंतचे व्याज बिल्डर भरतो म्हणतो, पण कर्ज असते तुमच्या नावावर. बिल्डरने व्याज थांबवले की बँक तुमच्याकडे येते आणि सिबिलवर डाग तुमच्या लागतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितले, की पैसे बांधकामाच्या टप्प्यांनुसारच सोडा. २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून लांब राहायला सांगितले. तरीही नोएडा-गुरुग्राम पट्ट्यात हजारो ग्राहक या योजनेत इतके अडकले, की २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची चौकशी सीबीआयकडे द्यावी लागली. नाव बदलून ही योजना आपल्याकडेही पाडव्याला हजर असते.

रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवसायाच्या नियमनाच्या कायद्याला संसदेची मंजुरी मार्च २०१६ मध्ये मिळाली. महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून उभे राहिले आणि अनेक राज्यांपेक्षा बरे चालले, हे मान्य केले पाहिजे. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन, चटई क्षेत्रावरच विक्री, ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी, आणि नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम न घेण्याची अट. उद्या साइट ऑफिसात कुणी पंचवीस टक्के मागितले तर हे कलम दाखवावे. पण नोंदणी क्रमांक म्हणजे हमी, असा जो समज झाला होता तो डोंबिवलीने मोडला. कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतल्या ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या इमारतींत माणसे राहत होती. बँकांनी कर्जे दिली होती, म्हणजे बँकांच्या वकिलांनी कागद ‘तपासले’ही होते. घर पाडले तरी हप्ता पडत नाही. बांधकाम परवानगी महापालिकेत जाऊन स्वतः पडताळणे, आपल्या पदरचा वकील लावून तीस वर्षांचा सर्च काढणे हा खर्च वाटतो. ८० लाखांपुढे तो किरकोळ आहे. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर आणखी एक काळजी : देशात राहणाऱ्या विक्रेत्याकडून ५० लाखांवरच्या घराला १ टक्का टीडीएस कापतात, अनिवासीला तो नियम नाही, तिथे कपात बरीच मोठी असते आणि चुकली तर आयकर खाते खरेदीदाराला धरते.

एवढे करून फ्लॅट हाती आला की पुष्कळ जण त्याला कुलूप लावतात. २०१७-१८च्या आर्थिक पाहणीत २०११च्या जनगणनेचा दाखला आहे : मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती, देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा जास्त. संध्याकाळी बाह्यवळण रस्त्याने जाताना टाउनशिपमधले टॉवरच्या टॉवर अंधारे दिसतात आणि त्यांच्याच कुंपणाला लागून, तिथे घरकाम करणाऱ्या बायकांच्या पत्र्याच्या खोल्या असतात. भाडेकरू घर बळकावेल, ही भीती १९४७च्या मुंबई भाडे कायद्याची देणगी आहे. आता १९९९चा कायदा आहे. रजा-परवाना करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची आणि ती घरबसल्या ऑनलाइन होते. मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याची सोय त्या कायद्यात आहे. सोसायटी बिगरभोगवटा शुल्क म्हणून वाटेल तेवढे मागत असेल, तर २००१च्या शासन निर्णयाने त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. बंद फ्लॅटचा तोटा मालकाला होतोच, शहरालाही होतो. भाड्याच्या घरांचा पुरवठा आटतो, भाडी चढतात आणि नव्याने नोकरीला लागलेल्या पोरांना चार-चार जणांत एक खोली घ्यावी लागते. रिकाम्या ठेवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या घरावर जादा मालमत्ता कर लावण्याचा विचार महापालिकांनी करावा, असे आमचे मत आहे. ते अनेक वाचकांना आवडणार नाही.

मग दुसरे घर कधीच घेऊ नये का? घ्यावे, पण अटींवर. निम्मी रक्कम घरची असावी आणि ती दुसरे काही तारण न ठेवता आलेली असावी. पहिल्या घराचे कर्ज संपलेले असावे. फ्लॅट तयार, भोगवटा प्रमाणपत्रासह, आणि आज, या आठवड्यात भाडेकरू मिळेल अशा जागी असावा : कॉलेजजवळ, रुग्णालयाजवळ, चालू असलेल्या स्थानकाजवळ. मोठ्या टू-बीएचकेपेक्षा जुन्या वस्तीतला छोटा वन-आरके किंवा वन-बीएचके किमतीच्या मानाने बरे भाडे देतो आणि विकायलाही सोपा जातो. जुनी इमारत पुनर्विकासाच्या आशेने घेत असाल तर जमिनीचे कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावे झाले आहे का, ते पाहावे. ते नसेल तर पुनर्विकासाची गाडी वर्षानुवर्षे हलत नाही. हप्ते भरून सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक हाती उरत नसेल, तर कितीही चांगला फ्लॅट असो, तो आपल्यासाठी नाही. स्थावराची हौसच असेल तर २०१९ पासून बाजारात असलेले रीट, म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास आहेत. ते बहुतांश कार्यालयांच्या इमारतींचे आहेत, त्यांचेही भाव पडतात. पण गरज पडली तर पाच लाखांचे युनिट विकता येतात. फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

आणि तिशीतल्या ज्या दांपत्याने अजून पहिलेच घर घेतलेले नाही, त्याने ‘आधी गुंतवणुकीचा फ्लॅट, मग राहायचा’ हा साइट ऑफिसातला सल्ला कानाबाहेर ठेवावा. भाड्याने राहून दुसऱ्याला भाड्याने द्यायचे, दोन्हीकडे पैसे भरायचे आणि मनाची समजूत भाववाढीवर घालायची, यासारखा महागडा मार्ग दुसरा नाही.

तेव्हा उद्या गुढी उभारा, श्रीखंड खा, हवे तर साइटही पाहून या. टोकनचा चेक मात्र लिहू नका. महारेराच्या संकेतस्थळावरून प्रकल्पाचा तपशील उतरवून घ्या, बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागा, त्या परिसरातल्या दोन एजंटांना भाडे विचारा. एकाला घेणारे म्हणून आणि दुसऱ्याला देणारे म्हणून. दोन उत्तरांत पाच-सात हजारांचा फरक निघेल, तो हिशेबात धरा. वकिलाला कागद वाचायला पंधरा दिवस द्या. एवढे सगळे करूनही मुहूर्त हवाच असेल, तर महिन्याभराने अक्षय्य तृतीया आहे.